शून्य रुपयांचं बिल कसं वाचायचं?



आयोजकांनी मला विषय दिला होता ‘ऊर्जेचं अर्थकारण’. विषय एवढा मोठा, की त्यात अरबांच्या तेलापासून आपल्या चुलीपर्यंत सगळं मावतं. पण पाटोद्यात बोलायचं तर पाटोद्याच्या डोंगरावर जी ऊर्जा खर्च होते तिच्यावर बोलावं असं ठरवलं, आणि येताना एक कागद खिशात घालून आलो. माझ्या चुलतभावाच्या शेतीपंपाचं वीजबिल. पाच हॉर्सपॉवर. वर ग्राहक क्रमांक, मग मागची थकबाकी, चालू तिमाहीचा आकार, त्यातून शासनाचं अनुदान वजा, आणि खाली चालू देयक: शून्य.

आज या कागदाची समीक्षा करू. (हशा) हसू नका. कवितेची करतात, कादंबरीची करतात, मग ज्या कागदावर राज्याच्या तिजोरीतले हजारो कोटी चाललेत त्याची का नको? याला लेखक आहे, वाचक आहे, आणि न लिहिलेला मजकूर तर बराच आहे.

लेखक म्हणजे २५ जुलै २०२४ चा शासन निर्णय, ‘मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना’. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ अशी पाच वर्षं वीज फुकट. लाभार्थी ४४ लाख ६ हजार. वर्षाचा खर्च १४,७६० कोटी. सरकारी कागद आपण वाचत नाही. गावात व्हॉट्सॲपवर आला की वरचा मथळा बघायचा आणि पुढं पाठवायचा. हा मात्र जरा सावकाश वाचण्यासारखा आहे.

प्रस्तावनेत कारण काय दिलंय बघा. जागतिक हवामान बदल, अनियमित पाऊस, त्यामुळं शेतकरी अडचणीत, म्हणून मदत. अगदी खरं कारण आहे. आपल्याइतकं ते कुणाला पटणार? पण आता कारण आणि उपाय शेजारी शेजारी ठेवा. पाऊस पडला नाही तर सगळ्यात आधी कोण मरतो? ज्याच्याकडं विहीर नाही तो. कोरडवाहूवाला. आणि मदत कुणाला? ज्याच्याकडं पंप आहे त्याला. म्हणजे पावसानं दगा दिल्यावर ज्याला थोडातरी आधार आहे त्याला आधार, आणि ज्याला काहीच नाही त्याचं नाव प्रस्तावनेपुरतं. महाराष्ट्रात पिकाखालच्या जमिनीचा साधारण पाचवा हिस्सा ओलिताखाली. उरलेले चार हिस्से या योजनेच्या कारणात आहेत, लाभात नाहीत.

साधा भागाकार करा. १४,७६० कोटी भागिले ४४ लाख ६ हजार. पंपामागं वर्षाला साडेतेहतीस हजार रुपये. सरासरी आहे हं ही. आपल्या सौताड्याकडच्या एखाद्या विहिरीवरची मोटार दिवाळीनंतर महिना-दीड महिना धड चालते आणि मग पाणी तळाला जातं. तिच्या वाट्याला किती येत असतील? आणि तिकडं नदीकाठी, कॅनॉलकाठी वर्षभर उसाला पाणी सोडणाऱ्या पंपाच्या वाट्याला किती? अनुदान दोघांनाही ‘शंभर टक्के’. पण शंभर टक्के कशाचे, तर वापराचे. ज्याच्याकडं पाणी जास्त त्याचा वापर जास्त, म्हणून त्याचं अनुदानही जास्त.

इथं मला एक गोष्ट बोलायचीच आहे. या तालुक्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर किती बैलगाड्या, किती ट्रक-ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकात जातात ते तुम्हाला मी सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घ्यायची आणि चार-पाच महिने पाचटाच्या खोपटात काढायचे. तो जो ऊस तोडायचा असतो ना, तो ज्या पाण्यावर वाढला त्या पाण्याच्या विजेला शासनाचं अनुदान आहे. तोडणाऱ्याच्या गावाकडच्या दोन एकर मुरमाड रानाला विहीर नाही, म्हणून त्याला नाही. वीज-अनुदान पाटोद्यात तारेतून थोडं येतं, जास्त येतं ते कोयत्यातून, आणि तेसुद्धा मजुरी म्हणून, घाम गाळून. ‘ऊर्जेच्या अर्थकारणा’च्या पुस्तकात हे प्रकरण मला कुठं सापडलं नाही.

आता त्याच शासन निर्णयातले आणखी दोन आकडे. मार्च २०२४ अखेर शेतीपंपांचे ग्राहक ४७ लाख ४१ हजार, आणि त्यांचा वर्षाचा वीजवापर ३९,२४६ दशलक्ष युनिट. पुन्हा भागाकार. पंपामागं साधारण ८,२७५ युनिट. पाच हॉर्सपॉवरचा पंप तासाला साडेचार युनिट खातो असं धरू. म्हणजे वर्षाला एक हजार आठशे चाळीस तास. रोज आठ तास लाइट मिळते असं तोच कागद म्हणतो, तर झाले दोनशे तीस दिवस. राज्यातला सरासरी पंप वर्षातले दोनशे तीस दिवस, पूर्ण आठ तास, न थांबता पाणी ओढतोय! पावसाळ्याचे चार महिने काढले तर उरतातच दोनशे चाळीस-पंचेचाळीस दिवस.

(हशा)

इथं बसलेल्यांपैकी ज्याची मोटार वर्षातले दोनशे तीस दिवस आठ-आठ तास चालते त्यानं हात वर करावा. मी त्याच्या घरी जेवायला येतो.

माझं म्हणणं नीट ऐका. काही पंप मोठे आहेत, काही नदीवर आहेत, त्यामुळं सरासरी वर जाते, हे मान्य. आकडा खोटाच आहे असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, तो मोजलेला नाही. लाखो पंपांना मीटर नाही, ज्यांना आहे त्यातले कित्येक बंद. मग अंदाज करावा लागतो. आणि अंदाज करणाऱ्याचं हित कशात आहे हे कुठलाही अंदाज वाचताना बघावं लागतं. वीज तारेतून निघाली, बिलात आली नाही. मधली वीज गेली कुठं? दोनच खाती. एक गळती आणि चोरीचं, दुसरं शेतकऱ्याच्या वापराचं. पहिल्यात टाकली तर कंपनीची अब्रू जाते. दुसऱ्यात टाकली तर अब्रूही राहते आणि अनुदानही मागता येतं.

ही माझी कल्पना नाही. २००० साली राज्याच्या वीज नियामक आयोगानं पहिल्यांदा दर ठरवले, उघड सुनावणी झाली. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या गटांनी तेव्हाच्या वीज मंडळाचे आकडे उलटेपालटे करून तपासले. तोवर मंडळाची गळती अठरा टक्क्यांच्या आसपास सांगितली जायची. तपासल्यावर ती तीस टक्क्यांच्या वर निघाली. मधली वीज इतकी वर्षं कुणाच्या नावावर होती? शेतकऱ्याच्या. शेतकरी फुकट वीज जाळतो ही शहरातली समजूत बरीचशी त्या हिशेबानं घडवलेली आहे. मुंबई-पुण्यात जेवणाच्या टेबलावर ‘आमच्या बिलातून तुमचे पंप चालतात’ असं कुणी म्हणालं की मला हे २००० साल आठवतं.

तर शून्याचं बिल एवढ्यासाठी बघा. ज्या कागदावर शेवटी शून्यच येणार आहे, त्याच्या वरचे आकडे कोण तपासणार? वापर आठशे युनिट लिहिला काय आणि आठ हजार लिहिला काय, तुम्हाला काय फरक पडतो? तुम्ही वाचत नाही. तुमच्या नावानं बिल निघतं, पण ते शासनाला पाठवलेलं असतं. तुमचा फक्त पत्ता.

आणि याच जागी शेतकऱ्याचं सगळ्यात मोठं नुकसान होतं. गेल्या वर्षी चुलतभावाची मोटार जळाली. रात्रीची पाळी होती, व्होल्टेज कमी, एक फेज दबलेला. ऑटो स्विचवर मोटार चालू झाली, घुंई करून अडली आणि जळाली. क्रेनवाला बोलवा, पाइप वर काढा, वायंडिंगला टाका, चार दिवस थांबा. तोवर कांद्याच्या माना पडल्या. तो खर्च बिलात कुठाय? विजेचा भाव युनिटला शून्य, पण वीज वापरायचा भाव? रात्री दोनला उठून बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं, पायाखाली विंचू-काटा, त्याचा भाव? डीपी जळाली की गावानं वर्गणी काढून गाडी करून ती आणायची, त्याचा भाव? हे सगळं मिळून पाटोद्याचा शेतकरी विजेला पैसे मोजतोच. कित्येकदा चांगल्या विजेच्या दरापेक्षा जास्त मोजतो. फक्त ते क्रेनवाल्याला देतो, वायंडिंगवाल्याला देतो, दवाखान्यात देतो.

२००३ च्या वीज कायद्यात एक चांगली तरतूद आहे. सेवेचं मानक ठरवायचं, ते पाळलं नाही तर ग्राहकाला भरपाई द्यायची. आता ही भरपाई साधारण बिलातून वळती करतात. ज्याचं बिलच शून्य, त्याचं काय वळतं करणार? आणि मुळात तो ‘आमचा पैसा घेता मग लाइट का नाही’ असं कुठल्या तोंडानं विचारणार? समोरचा म्हणेल, फुकटच तर आहे. म्हणेल काय, म्हणतोच.

२०२० च्या कृषीपंप धोरणात उलटी गोष्ट होती. थकबाकीत सवलत, आणि वसूल झालेल्या पैशातला एक तृतीयांश त्याच ग्रामपंचायतीच्या हद्दीत, एक तृतीयांश त्याच जिल्ह्यात वीजव्यवस्था सुधारायला. म्हणजे आमच्या गावानं भरलं तर आमची डीपी. अंमलबजावणीवर बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण विचार शहाणपणाचा होता. भरणाऱ्याचा आणि तारेचा काहीतरी संबंध त्यात ठेवला होता. मोफत योजनेनं तो तोडला.

आता माझ्याच जातीच्या लोकांवर, म्हणजे अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांवर, थोडं बोलतो. आमच्याकडं या प्रश्नाचं उत्तर तयार असतं: मीटर लावा, पूर्ण दर लावा, शेतकरी आपोआप काटकसर करील. पंप चांगला घेईल, पाणी मोजून देईल. ऐकायला बरोबर वाटतं. एक हजार लिटर पाणी तीनशे फुटांवरून वर आणायला भौतिकशास्त्राच्या हिशेबानं पाव युनिट पुरतं. जुन्या पंपसेटची कार्यक्षमता तीस टक्क्यांच्या आसपास, म्हणून प्रत्यक्षात लागतं पाऊण युनिटाच्या वर. म्हणजे निम्म्याहून जास्त वीज वाया. चांगला पंप, बरोबर मापाचा पाइप, हलका फूटव्हॉल्व्ह, झालं काम!

पण दुकानात उभा असलेला शेतकरी मूर्ख नाही. स्टारवाली मोटार महाग, आणि तिनं वाचवलेल्या विजेची त्याला किंमत शून्य. कमी व्होल्टेजला टिकेल अशी जाड तारेची, ओबडधोबड मोटार त्याला हवी. त्याच्या हिशेबात वीज महत्त्वाची नाही, मोटार न जळणं महत्त्वाचं. तो हिशेब त्याच्या जागेवरून अगदी बरोबर आहे. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याला केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोनं शेतीपंप बदलून द्यायचा पथदर्शी प्रयोग केला होता, देशातल्या पहिल्यांपैकी. त्यामागचं तर्कशास्त्र हेच: वीज वाचली तर फायदा सरकारचा, मग पंपाचा पैसाही सरकारनंच घालावा. तर्क ठीक. पण व्होल्टेज सुधारल्याशिवाय चांगला पंप चांगला राहत नाही, आणि एकदा जळून गल्लीतल्या वायंडिंगला जाऊन आला की त्याचे स्टार उतरतातच.

शिवाय कार्यक्षमतेच्या मागं आणखी एक भूत असतं. १८६५ साली इंग्लंडात जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं दगडी कोळशावर पुस्तक लिहिलं. त्याचं निरीक्षण असं, की वाफेची इंजिनं कमी कोळशात जास्त काम करू लागली तेव्हा देशाचा कोळसा वाचला नाही, उलट जास्त जळाला. काम स्वस्त झालं म्हणून काम वाढलं. आपल्याकडं हे ठिबकवर बघायला मिळतं. एकरात पाणी वाचतं, मग पुढच्या एकरावर नळ्या जातात. विहीर आटायची तारीख तीच. आणि आटली की बोअर. दीडशे फुटांना नाही लागलं, तीनशे. तीनशेला नाही, पाचशे. चाळीस फुटांच्या विहिरीला जेवढी वीज लागते त्याच्या बारापट पाचशे फुटांच्या बोअरला लागते, पण बिल दोन्हीचं शून्य. खोलीला भाव नाही.

आता गंमत अशी, की याच राज्याचा २००९ चा भूजल अधिनियम शेतीसाठी साठ मीटर, म्हणजे दोनशे फुटांखाली जाऊ नका म्हणतो. एक खातं म्हणतं खोल जाऊ नका, दुसरं म्हणतं कितीही खोलून उपसा, विजेचं आम्ही बघतो. दोन्ही कागदांवर राजमुद्रा एकच. बोअरच्या गाड्या रात्री डोंगरात घरघरतात तेव्हा यातला कुठला कागद त्यांच्या काचेवर चिकटवलेला असतो, तुम्हीच सांगा.

हा पाण्या-विजेचा पेच आपल्या जिल्ह्याइतका उघडा कुठं दिसत नसेल. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचं औष्णिक केंद्र बंद पडलं. कोळसा संपला नव्हता, पाणी संपलं होतं. ११३० मेगावॉटचं केंद्र, गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी नाही म्हणून थंड. २०१५ ला पुन्हा तीच पाळी. पाणी उपसायला वीज, वीज करायला पाणी, आणि मराठवाड्यात दोन्हीची टंचाई एकाच वर्षी येते. म्हणून आता सूर्य आणि वारा. बालाघाटावर पवनचक्क्या उभ्या राहिल्यात. त्यांच्या जमिनींचं आणि त्यांच्याभोवती जमलेल्या पैशाचं राजकारण हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आज त्यात शिरत नाही.

सौर पंपाबद्दल मात्र बोललंच पाहिजे, कारण पुढची पाच वर्षं तुम्हाला तेच विकलं जाणार आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’. सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के रक्कम भरायची. दिवसा पाणी मिळतं, रात्रीचा विंचू टळतो. मी याच्या बाजूचा आहे, आधीच सांगतो. पण नियम वाचा. अडीच एकरांपर्यंत तीन हॉर्सपॉवर, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढं साडेसात. पंपाचं माप कशावर ठरतं? जमिनीवर. विहिरीत पाणी किती यावर नाही. सहा एकरवाल्याच्या विहिरीचा झरा तीन हॉर्सपॉवरलाही पुरत नसेल, तरी तो साडेसातचा धनी. उरलेल्या उन्हाचं काय? ते पॅनलवर पडून वाया, नाहीतर बोअर आणखी खाली.

गुजरातेत खेडा जिल्ह्यात ढुंडी नावाच्या गावात दुसरा रस्ता काढला. सौर पंपवाल्यांची सहकारी संस्था, आणि उरलेली वीज ग्रीडला विकायची. तिथं शेतकऱ्याला पहिल्यांदा प्रश्न पडला: हे पाणी उपसू, की ही वीज विकू? पंजाबात २०१८ ला काही फीडरवर असं केलं, की पंपाला ठरावीक युनिट द्यायचे आणि त्यातले जेवढे वाचतील त्याचे युनिटला चार रुपये खात्यात. अनुदान काढलं नाही. वाचवणाऱ्याच्या हातात दिलं. मला विचाराल तर आपल्या साडेतेहतीस हजारांवरची चर्चा इथून सुरू व्हायला हवी. पंपवाल्याला त्यातला हिस्सा रोख, मीटरसकट, वाचला तर त्याचा. आणि ज्याला पंपच नाही त्या कोरडवाहूवाल्याचा हिस्सा किती, हा प्रश्नही त्याच टेबलावर.

आता मागं बसलेल्या काकांनी चिठ्ठी पाठवलीय. वाचतो: ‘मीटर आलं की उद्या दर येईल, मग काय करायचं?’ काका, भीती खरी आहे. २००४ ला निवडणुकीच्या तोंडावर सुशीलकुमार शिंद्यांच्या सरकारनं फुकट वीज दिली, निवडणूक झाली, २००५ ला विलासरावांच्या सरकारनं ती काढून घेतली. ज्यांनी ते बघितलंय ते मीटरवर सहजासहजी विश्वास ठेवणार नाहीत, आणि ठेवूही नये. पण बिनामीटरच्या पंपाला तेव्हा कुणी वाचवलं होतं का? उलट मीटर नव्हतं म्हणूनच ‘मी एवढी वीज वापरलीच नाही’ हे कुणाला सिद्ध करता आलं नाही. हॉर्सपॉवरवर बिल आलं, थकबाकी चढली, त्यावर व्याज चढलं. मघाचा कागद बघा, चालू देयक शून्य आहे, पण वरची थकबाकी तिथंच बसलीय. ती गेलेली नाही.

दुसरी चिठ्ठी एका तरुणाची आहे. सौरला अर्ज करतोय, नियमात साडेसात बसतं, पाच घेऊ की साडेसात? बाळा, घरी जाऊन एक काम कर. मे महिन्यात विहीर पूर्ण उपसून घे आणि घड्याळ लावून बघ, परत हातभर पाणी भरायला किती वेळ लागतो. दोन-तीन दिवस लिहून ठेव. तो आकडा घेऊन ये, मग हॉर्सपॉवरचं बोलू. मे येईपर्यंत अर्ज थांबत नसेल तर तुझ्या बांधाशेजारच्या दोन म्हाताऱ्यांना विचार, दुष्काळात त्यांच्या विहिरी कधी आटल्या होत्या. त्यांना तारखा पाठ असतात.